धरायला काहीतरी

सकाळी सहा वाजून वीस मिनिटांनी आमच्या सासूबाई जहाजावरच्या बाथरूमच्या उंबऱ्यावर पडल्या. लागलं फारसं नाही. गुडघा खरचटला, चष्मा बेसिनखाली गेला आणि हातात माझा ओला टॉवेल राहिला.

उंबरा म्हणजे घरातला उंबरा नव्हे. बाथरूममधलं पाणी केबिनमध्ये येऊ नये म्हणून जहाजावर दाराखाली चांगली वीतभर उंच पट्टी असते. तरुण माणूस ती ओलांडतो आणि विसरतो. सत्त्याहत्तर वर्षांचं माणूस आधी थांबतं, मग काहीतरी धरतं, मग एक पाय, मग दुसरा. सासूबाई धरत असत तो दाराला लागून असलेला टॉवेलचा दांडा. त्या सकाळी दांड्यावर माझा टॉवेल होता. त्यांनी दांडा समजून टॉवेल धरला. टॉवेलला स्वतःलाच कशाचा आधार नव्हता. तो त्यांच्याबरोबर निघाला.

मी तेव्हा वरच्या बर्थवर होतो. तिघांच्या केबिनमध्ये तिसरं माणूस छतातून खाली येणाऱ्या फळीवर झोपतं, आणि जावई या नात्याने ती फळी माझ्याकडे आली होती. आवाज ऐकून मी ताडकन उठून बसलो. छताने मला तितक्याच तत्परतेने परत झोपवलं.

"अहो, खाली उतरा आधी!" बायको ओरडली.

"शिडी कुठे आहे?"

"शिडीवर तुमचीच पँट आहे!"

"कोणी घाई करू नका," आतून सासूबाई म्हणाल्या. "मी बसलेलीच आहे. चष्मा तेवढा द्या."

आम्ही जहाजाने का गेलो होतो, ते इथेच सांगायला हवं. सासूबाईंची एकुलती एक बहीण, आमच्या मावशी, लांबच्या एका बंदरात राहतात. सासूबाईंच्या कानांची ऑपरेशनं झाल्यापासून डॉक्टरांनी विमान बंद केलं आहे. रस्त्याने जायचं तर त्यांची कंबर तिथवर पोहोचणार नाही. राहतं ते हे जहाज. ते मावशींच्या बंदरात अर्धा दिवस थांबतं. त्या अर्ध्या दिवसात दोघी बहिणी बंदराच्या प्रतीक्षालयात, जमिनीला ठोकलेल्या दोन खुर्च्यांवर शेजारी शेजारी बसल्या होत्या. त्या बोलत होत्या असं म्हणता येणार नाही. दोघी एकाच वेळी सांगत होत्या आणि दोघींना सगळं ऐकू येत होतं. कानांच्या ऑपरेशनचा उपयोग झालेला मी पाहिला तो तेवढाच.

पडणं झालं ते परतीच्या वाटेवर. घरी आल्यावर बायकोने निर्णय दिला. "त्या उंबऱ्याशी धरायला काही पक्कं असेल, तरच मी आईला पुन्हा नेईन. नाहीतर नाही. मावशीला काय सांगायचं ते मी बघते."

 सासूबाई खरचटलेल्या गुडघ्याला मलम लावत होत्या, गरजेपेक्षा जरा जास्तच.

आणि नेमकं त्याच आठवड्यात जहाज कंपनीचं पत्रक आलं. जहाज गोदीत जाणार असून सगळ्या केबिन आणि बाथरूम नव्याने केल्या जाणार आहेत, तरी प्रवाशांनी आपल्या सूचना पाठवाव्यात. मी एका दैनिकात उपसंपादक आहे. रोज संध्याकाळी दुसऱ्यांची वाक्यं सरळ करून ती वेळेत छापखान्याकडे धाडणं हे माझं काम. एक सूचना लिहिणं म्हणजे माझ्या हिशेबी चहा गार व्हायच्या आतलं काम होतं.

ते तसं झालं नाही, कारण पत्रक मी जिन्यात वाचत उभा राहिलो.

आमच्या वरच्या मजल्यावर इमारतखात्यातले एक निवृत्त ओव्हरसियर राहतात. त्यांच्या खिशात कायम मोजपट्टी असते, म्हणून सगळी इमारत त्यांना इंचकाका म्हणते. ते आयुष्यात कधी जहाजावर चढलेले नाहीत. "त्याने काय बिघडतं?" ते म्हणाले. "पाण्यावर काय, जमिनीवर काय, इंच तोच असतो." रविवारी सकाळी ते मोजपट्टी घेऊन आमच्याकडे हजर झाले. त्यांच्या मागोमाग शेजारचे वकील आले. त्यांना कोणी बोलावलं नव्हतं, पण ज्या घरात कागदावर काही लिहिलं जात असेल तिथे ते आपोआप येतात.

केबिनच्या बाथरूमविषयी माझी स्वतःची मतं कमी नव्हती. शॉवरचा पडदा आंघोळ करणाऱ्याला मिठी मारतो आणि मिठी थंड असते. फ्लश दाबला की असा आवाज होतो की आपण बटण दाबल्यामुळे जहाज बुडतंय की काय, अशी भीती वाटते. साबण ठेवायला जी खाच आहे ती साबण ठेवायला नसून तो सोडायला आहे. केबिनमध्ये कपाटातले हँगर जहाज डोललं की एकमेकांना भेटायला जातात. चार्जिंगचा प्लग गादीच्या मागे आहे, तिथे हात घालायला हाताची रुंदी अर्धी असावी लागते. या सगळ्याच्या आधी, अर्थातच, मी टॉवेलच्या दांड्याचं लिहिलं. दांडा दाराशी असणं धोक्याचं आहे. त्यावर टॉवेल असतो, माणूस टॉवेल धरतं आणि पडतं. दांडा तिथून काढून आत न्यावा. हे मी मोठ्या तर्कशुद्ध पद्धतीने लिहिलं. आजही ते वाक्य वाचलं तर त्यात एक शब्द बदलावासा वाटत नाही, हीच त्यातली वाईट गोष्ट आहे.

"हूक किती?" इंचकाकांनी विचारलं.

"एक."

"तीन माणसांना एक हूक? लिहा. आणि जमिनीपासूनची उंची लिहा, नाहीतर ते छताला लावतील."

"आणि भिंत," वकील म्हणाले. "भिंत कशी आहे?"

"गुळगुळीत. पांढरी."

"तिच्यावर पाण्याचे डाग दिसणार. मग तुम्ही म्हणणार स्वच्छता नाही, ते म्हणणार तुम्हीच पाणी उडवलंत. वाद नको. दाणेदार भिंत मागा. डाग दिसत नाहीत, पुरावा राहत नाही."

"तुम्ही पुराव्याच्या बाजूचे की विरुद्ध?" बायकोने चहा ठेवत विचारलं.

"अशील कोण आहे त्यावर," वकील म्हणाले आणि चहा घेतला.

सासूबाई खिडकीशी बसून हे ऐकत होत्या. बायको त्यांना म्हणाली, "आई, तुझं सांग ना. हे सगळं तुझ्यामुळेच तर चाललंय."

"माझं शेवटी घाला. यांचं होऊ दे आधी."

यांचं व्हायला दुपार झाली. मग त्या म्हणाल्या, "उंबऱ्याशी धरायला काहीतरी पक्कं. दुसरं काही नाही." मी ते जसंच्या तसं शेवटी लिहिलं. त्याखाली बायकोला ऐनवेळी आठवलेला हेअर ड्रायर आला, आणि सगळ्यात खाली वकिलांनी 'वरील सर्व सूचना आमचे अन्य हक्क अबाधित ठेवून' असा एक परिच्छेद घातला.

कंपनीच्या संकेतस्थळावर मजकूर टाकायला गेलो तर आधी विषय निवडा म्हणाले. विषय तीनच होते: तक्रार, कौतुक, हरवलेली वस्तू. वकिलांनी तक्रार निवडायला सक्त मनाई केली. कौतुक मला जमेना. म्हणून मी तिसरा विषय निवडला, सूचना कुठूनही योग्य माणसापर्यंत पोहोचतेच या भाबड्या समजुतीने. दोन दिवसांनी फोन आला. फोनवरच्या बाई अतिशय नम्र होत्या.

"साहेब, आपली एक वस्तू हरवल्याची नोंद आहे. टॉवेलचा दांडा."

"तो हरवलेला नाही. तो चुकीच्या जागी आहे."

"म्हणजे सापडला?"

"तो तिथेच होता."

"मग नोंद बंद करू?"

"अहो बाई, दांडा तुमचा आहे. जहाजाचा."

 "म्हणजे आमचा दांडा आपल्याकडे आहे?" त्यांनी आणखी नम्रपणे विचारलं.

हे मी ऑफिसात, संपादकीय विभागाच्या मधोमध उभा राहून बोलत होतो. आजूबाजूचे सगळे टंकलेखन थांबवून ऐकत होते. त्या आठवड्यात मला ऑफिसात कोणीही नावाने हाक मारली नाही. शेवटी बाईंनी मला सूचना-कक्षाचा पत्ता दिला आणि जाता जाता सांगितलं, "साहेब, एका प्रवाशाचं एकच पान घेतात बरं का. पानाबाहेरचं कोणी वाचत नाही."

माझा मजकूर अडीच पानं होता.

आता इथे आमच्या धंद्यातली एक गोष्ट सांगितली पाहिजे. बातमी लिहिताना महत्त्वाचं वर आणि कमी महत्त्वाचं खाली अशी उतरण असते. पानावर जागा कमी पडली की बातमी शेपटीकडून कापतात. कापताना विचार करायचा नसतो, विचार लिहिणाऱ्याने आधीच करून ठेवलेला असतो. इतक्या वर्षांत मी मंत्र्यांची भाषणं, पुराचे आकडे, खेळाडूंच्या मुलाखती अशाच शेपटीकडून कापल्या, आणि कोणी कधी परत मागितलं नाही. त्या संध्याकाळी पहिली आवृत्ती सुटायची होती, एका हातात पान होतं. दुसऱ्या हाताने मी सूचना कापून एका पानात बसवल्या. वकिलांचे हक्क गेले. हेअर ड्रायर गेला. त्याच्या वरची काही वाक्यं गेली. मी ती वाचली नाहीत. शेपटी वाचत बसलं तर पान कधी सुटणार?

"पाठवलं?" घरी आल्यावर बायकोने विचारलं.

"पाठवलं. एका पानात बसवलं."

मला आठवतंय, मी हे अभिमानाने सांगितलं.

पुढचे काही महिने बरे गेले. मग कंपनीचं पत्र आलं की आपल्या बहुतेक सर्व सूचना मान्य झाल्या आहेत, काम पुरं होत आलं आहे आणि नव्या केबिनचा नमुना पाहायला आपण सहकुटुंब यावं. बायकोने पत्र दोनदा वाचलं. तेव्हाच तिने पुढच्या फेरीची तिकिटं काढली आणि मावशींना फोन केला. सासूबाईंनी फोन तिच्या हातातून घेतला आणि बहिणीला म्हणाल्या, "माझ्यासाठी दांडा बसवलाय गं त्यांनी. हो, माझ्यासाठी. जावयांनी लिहून कळवलं होतं."

नमुना केबिन कंपनीच्या ऑफिसातल्या एका मोठ्या खोलीत होती. खोलीत खोली, आणि त्या आतल्या खोलीत बाथरूम. इंचकाका आणि वकील दोघेही आले होते, कारण त्यांच्या मते सहकुटुंबात ते धरलेले होते. कंपनीची डिझायनर मुलगी सगळं उत्साहाने दाखवत होती. हँगर आता दांडीला जखडलेले होते. फ्लशचा आवाज नुसता सुस्कारा टाकल्यासारखा. पडद्याच्या जागी काचेचं दार. इंचकाकांनी हुकाची उंची मोजली आणि भरल्या आवाजात म्हणाले, "एक रेघ इकडे तिकडे नाही हो." वकील दाणेदार भिंतीवरून हात फिरवत होते, एखाद्या जिंकलेल्या खटल्यावरून फिरवावा तसा. कंपनीच्या फोटोग्राफरने मला फ्लशच्या बटणावर बोट ठेवून उभं केलं आणि हसा म्हणाला. तो फोटो पुढे बातमीसकट माझ्याच दैनिकात आला. सहकाऱ्यांनी त्यातली एक ओळही कापली नाही.

फोटो चालू असतानाच सासूबाई मागून बाथरूमच्या दाराशी आल्या. उंबरा होताच, तो निघणार नव्हता. त्या थांबल्या. त्यांचा उजवा हात सवयीने बाजूला गेला, भिंतीला लागला आणि खालीवर फिरला. मग तो त्यांनी पोटाशी घेतला.

"इथे दांडा होता," त्या म्हणाल्या.

"हो आजी, तो काढला," मुलगी म्हणाली. "आत शॉवरच्या मागे नेलाय. या साहेबांची पहिलीच सूचना होती. दाराशी तो किती धोक्याचा आहे, ते त्यांनी इतकं छान लिहिलं होतं की आमच्या मीटिंगमध्ये वाचून दाखवलं."

"मग इथे आता काय येणार?"

"काही नाही. इथे मोकळं."

बायकोने माझ्याकडे पाहिलं. "आईचं कुठे आहे?"

"आईचं काय?" मुलीने विचारलं.

फ्लशच्या बटणावर माझं बोट अजून होतं. सगळे माझ्या तोंडाकडे पाहत होते. माझ्या तोंडून आयुष्यभराच्या सवयीने जो शब्द आला तोच आला.

"जागेअभावी," मी म्हणालो.

पुढचं बोलणं डिझायनर मुलीने आणि बायकोने केलं. मुलगी मनापासून हळहळली. आधी कळलं असतं तर अगदी सोपं होतं, ती म्हणाली. भिंतीच्या आत लाकडाची पट्टी घालावी लागते, तिच्याशिवाय स्क्रू धरत नाहीत. आता जहाजावरच्या सगळ्या भिंती बसल्या. आधाराचे दांडे असलेल्या खास केबिन होत्या. पण त्या मोजक्या, डॉक्टरांचा दाखला असलेल्यांसाठी, आणि या मोसमाच्या भरून गेलेल्या. "पुढच्या दुरुस्तीत नक्की घालू," ती म्हणाली. "पाच वर्षांनी."

"चालेल की," सासूबाई म्हणाल्या. त्या इतक्या सहज म्हणाल्या की मुलीने ते लिहून घेतलं.

परतताना गाडीत सगळे खिडकीबाहेर बघत होते. वकीलसुद्धा. शेवटी सासूबाईंनाच माझी दया आली. "काचेचं दार छान केलंत हो," त्या म्हणाल्या. तो दिवस मी विसरायचा प्रयत्न करतो तेव्हा इथेच अडतो.

त्यानंतर इमारतीने मला वाचवायला घेतलं. इंचकाकांनी बाजारातून रबरी वाट्यांचं हँडल आणलं. वाट्या भिंतीवर दाबायच्या की ते घट्ट बसतं. आमच्या बाथरूमच्या टाइल्सवर ते असं बसलं की ते काढताना टाइल निघाली. उत्साहाने आम्ही ते घेऊन कंपनीच्या ऑफिसात गेलो. दाणेदार भिंतीवर वाट्या एक क्षणही थांबल्या नाहीत. चार वेळा हँडल खाली पडलं, चौथ्या वेळी वकिलांच्या पायावर.

"ही भिंत कोणी मागितली?" इंचकाकांनी विचारलं.

"तो मुद्दा इथे गैरलागू आहे," वकील पाय चोळत म्हणाले.

वकिलांनी मग डॉक्टरांचा दाखला मिळवून खास केबिनच्या प्रतीक्षायादीत नाव घालायचं सुचवलं. सासूबाई त्याला तयार झाल्या नाहीत. "मला काही झालेलं नाही. मला फक्त धरायला हवंय," त्या म्हणाल्या. बायको म्हणाली की ती स्वतः दर वेळी दाराशी उभी राहील. त्यावर सासूबाईंनी तिच्याकडे अशा नजरेने पाहिलं की पन्नाशीतली माझी बायको शाळकरी मुलीसारखी गप्प झाली. बाथरूमच्या दाराशी कोणी उभं राहणं त्यांना मान्य नव्हतं, मग ती पोटची मुलगी का असेना.

म्हणून इंचकाकांनी शेवटचा उपाय केला. त्यांनी जहाजावरच्या मापाचा लाकडी उंबरा बनवून आमच्या घरच्या बाथरूमच्या दाराला ठोकला. कशालाही न धरता तो ओलांडायची सवय करायची, म्हणजे प्रश्नच मिटला. "रोज सराव झाला की पाय आपोआप उचलला जातो," ते म्हणाले. सासूबाईंनी ते फार गंभीरपणे घेतलं. सकाळी, दुपारी, काम नसतानाही त्या जाऊन ओलांडायच्या. कधी सहज जायच्या, कधी दाराच्या चौकटीकडे हात जायचा आणि त्या तो मागे ओढायच्या. बायको स्वयंपाकघरातून बघायची. 

मीही बघायचो. असंच बघत असताना, मागच्या शुक्रवारी, मी स्वतः त्या उंबऱ्याला अडखळलो. माझा घोटा मुरगळला आणि पायाला प्लास्टर आलं. ऑफिसात फोन करून कारण सांगितलं तर पलीकडून विचारलं गेलं, "दांडा सापडला का?" इंचकाका येऊन उंबरा मोजून गेले. उंची बरोबरच होती.

"मी जरा नीट कापलं असतं तर बरं झालं असतं," काल मी बायकोला म्हणालो. "ते एक वाक्य वर घ्यायला हवं होतं."

"वर कशाला?" ती म्हणाली. "नुसतं वाचलं असतंत तरी पुरलं असतं."

 

हे लिहीपर्यंतची परिस्थिती अशी: जहाज शनिवारी सुटतं. तिकिटं रद्द करण्याची मुदत उद्या दुपारपर्यंत आहे. ती रद्द केलेली नाहीत आणि बॅगाही भरलेल्या नाहीत. आज मावशींचा फोन आला होता. त्यांनी बंदरावर येण्यासाठी शेजाऱ्यांची गाडी सांगून ठेवली आहे आणि दांडा कसा आहे असं त्यांनी विचारलं. सासूबाई म्हणाल्या, "आल्यावर सांगते." बायकोने आईला हो किंवा नाही, काहीच सांगितलेलं नाही.

सासूबाई आत्ता उंबऱ्याशी येऊन थांबल्या आहेत. बायको त्यांच्या मागे उभी आहे. तिने हात पुढे केलेला नाही.